शीतयुद्ध नव्हे, 1941 पाहा

महोदय,

अमेरिका-चीन ताणाताणीला सरसकट ‘नवे शीतयुद्ध’ म्हटले जाते. ही उपमा बसत नाही. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांचा आपसातला व्यापार जुजबी होता. अमेरिका-चीन मालव्यापार 2024 मध्येही 500 अब्ज डॉलरच्या वर होता. एकमेकांवाचून अडणारे जेव्हा भांडतात, तेव्हा आधी पुरवठा आवळला जातो. त्यासाठी 1941चा जपान पाहावा.

जपानचे सुमारे 80 टक्के तेल तेव्हा अमेरिकेतून येई. जपानी सैन्य दक्षिण इंडोचायनात (आजच्या व्हिएतनामच्या बाजूला) शिरताच 26 जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जपानची मालमत्ता गोठवली. कागदोपत्री तेल बंद नव्हते. निर्यात परवाना मिळू शकत होता. पण पैसे भरायला गोठलेल्या खात्यातली रक्कम सोडवावी लागे, तिला वेगळी मंजुरी लागे आणि ती अधिकाऱ्यांनी दिलीच नाही. त्यांत परराष्ट्र खात्याचे डीन अ‍ॅचेसन प्रमुख होते. रूझवेल्ट यांना संपूर्ण बंदी हवी होती का, यावर इतिहासकार आजही भांडतात. अधिकाऱ्यांच्या टेबलावर मात्र ती होऊन गेली होती. (‘नाकारलेले नाही, प्रलंबित आहे’ याचा अर्थ मुंबईच्या आयातदाराला समजावायला नको!)

इकडे तोक्योत हिशेब सुरू झाला. साठा जेमतेम दोन वर्षांचा. नौदल तासाला 400 टन तेल जाळते, असे नौदलप्रमुख नागानो सांगत होते. वाटाघाटी जितक्या लांबतील तितका साठा घटणार, त्यामुळे सबुरी सांगणाऱ्याचीच बाजू रोज लंगडी पडत गेली. 7 डिसेंबरला जपानने पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर हल्ला केला.

अमेरिकेने ऑक्टोबर 2022 पासून प्रगत चिप आणि त्या बनवणारी यंत्रे चीनला रोखली. चीनने 4 एप्रिल 2025 रोजी सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये (‘रेअर अर्थ’) आणि त्यांची, विजेच्या मोटारीत लागणारी चुंबके निर्यात परवान्याखाली आणली. इथेही शब्द ‘बंदी’ नाही, ‘परवाना’. भांडण त्या दोघांचे, पण अंतिम वापराचे दाखले (माल कुठे वापरणार याची हमी) जोडत बसले आपले वाहन उद्योग आणि त्याच पावसाळ्यात विजेवरच्या दुचाकींचे उत्पादन अडखळले.

फरकही आहे. जपानकडे उलट आवळायला फारसे काही नव्हते, चीनकडे आहे. शिवाय चिप तेलासारखी जळून संपत नाही. आधी बसवलेली यंत्रे चालत राहतात, म्हणून तिथे घाई कमी. चुंबकांचे तसे नाही, साठा संपला की जुळणी थांबते.

युद्धनौकांची छायाचित्रे पहिल्या पानावर येतात. किती परवाने अडकले, किती दिवस आणि कोणत्या मालाचे, हेही आपल्या अर्थपानावर नियमित द्यावे.

– एक वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई