कोपीतलं बाळ कुठल्या महिन्यात मोजणार, साहेब?

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री यांस,
स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. एकवीस वर्षं झाली. हिंदी समजतं, पण लिहिताना अडखळते, म्हणून मराठीतच लिहिते. मानधनाबद्दल हे पत्र नाही. त्याची निवेदनं आधीच पुष्कळ झाली आहेत. हे पत्र आरोग्याच्या सरकारी पाहणीत ऊसतोडीची लेकरं कशी सुटतात, त्याबद्दल आहे.

मागं एका जानेवारीत आमच्या ओढ्याकाठी बीडकडची ऊसतोड मजुरांची टोळी कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालून उतरली होती. अकरा कोयते. (एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. कारखान्याच्या हिशेबात माणसं अशीच मोजतात.) मी वजनकाटा घेऊन गेले. चौदा महिन्यांची पोरगी, बांबूला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत. आई पहाटे तीनला उठून उसाच्या फडात गेलेली, नुकतीच परतली होती. काल लेकराला काय दिलं, असं विचारलं तर म्हणाली, "काल गाडी भरायला रात झाली, ताई. चहात बिस्कीट बुडवून दिलं." वजन भरलं सहा किलो नऊशे. तक्त्यावर ठिपका पिवळ्या, म्हणजे मध्यम कमी वजनाच्या, पट्ट्यात पडला, तीव्र कमी वजनाचा पट्टा तिथून जवळच.

त्याच आठवड्यात एका पाहणीची तुकडी गावात होती. कुठल्या पाहणीची ते लिहीत नाही, कारण त्या मुलींचा दोष नव्हता. घरांची यादी दिवाळीआधीच झालेली, चौकटींवर नंबर पडलेले. मी त्यातल्या एकीला म्हटलं, ओढ्याकाठी अकरा कोप्या आहेत, चल. ती म्हणाली, "ताई, यादीत नसलेलं घर मला घेता येत नाही." तिचं खरंच होतं. मनाला येईल ते घर घ्यायची मुभा दिली तर सगळे रस्त्याकडेचीच घरं घेतील. पण यादी झाली तेव्हा ओढ्याकाठी नुसतं गवत होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाबद्दल मला आदर आहे, तो आधी सांगते. १९९२-९३ पासून मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते करत आली. पाचव्या फेरीत देशभरात सहा लाखांवर घरं झाली. आमच्याकडं मोबाईलवर पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आहे, दर महिन्याला आकडे जातात. पण ते आकडे आमचेच, आणि आमच्याच कामाची परीक्षा. वजन कमी भरलं की वरून फोन येतो. म्हणून बाहेरच्या माणसानं येऊन उंची-वजन घ्यावं, हेच बरं. महाराष्ट्रात वयाच्या मानानं उंची कमी असलेली पाच वर्षांखालची मुलं चौथ्या फेरीत ३४.४ टक्के होती, पाचव्यात ३५.२. रक्तक्षय असलेल्या बायका ४८ टक्क्यांवरून ५४.२ वर गेल्या. हे आमच्या रजिस्टरनं कधी सांगितलं नसतं.

आता माझं म्हणणं. पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम जून ते डिसेंबर २०१९ मध्ये झालं. त्यातले बरेच महिने ऊसतोडीची माणसं आपापल्या गावी असतात, म्हणजे त्यांची गणती तिकडं होते. कुणी म्हणेल, मग सुटलं कोण? साहेब, प्रश्नावली बघा. बाळाला मागच्या दोन आठवड्यांत जुलाब झाले का? काल दिवसरात्रीत काय खायला दिलं? श्रावणात बीडला आजीजवळ असलेल्या लेकराचं उत्तर वेगळं, आणि पौषात ओढ्याचं पाणी पिणाऱ्या त्याच लेकराचं वेगळं. एकच पोर, पण वर्षातले पाच महिने ते कुठल्याच आकड्यात नाही. आणि आमचा बागायती तालुका व पलीकडचा जत, जिथली माणसंही कोयता घेऊन बाहेर पडतात, यांची मिळून जिल्ह्याची एकच सरासरी निघते.

मुद्दाम मोजलं की काय निघतं, ते २०१९ मध्ये दिसलंच आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची ओरड झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. गर्भपिशवीचा प्रश्न चौथ्या फेरीपासून राष्ट्रीय सर्वेक्षणातही आहे, पण जिल्ह्याच्या सरासरीत कोयत्याची बाई वेगळी दिसत नाही.

सहाव्या फेरीतून बोटाच्या रक्ताची रक्तक्षय तपासणी काढली, शिरेतलं रक्त घेऊन वेगळ्या पाहणीत ती करायचं ठरलं. बोटाच्या थेंबानं आकडा चुकतो, हे तज्ज्ञ म्हणत असतील तर मी वाद घालणार नाही. फक्त त्या पाहणीची सुई कोपीपर्यंत पोचेल का, एवढं विचारते. २०२५ मध्ये अमेरिकेनं पैसे थांबवले आणि नव्वदांवर देशांत अशा पाहण्यांना हात देणारा कार्यक्रम अडकला. आपल्या सर्वेक्षणालाही त्यांची तांत्रिक मदत असायची. आता आपलं आपणच ठरवायचं, तर ऊसपट्ट्यातल्या जिल्ह्यांत सर्वेक्षणाचा एक टप्पा जानेवारी-फेब्रुवारीत घ्या. घरयादी गळीत हंगाम सुरू झाल्यावर करा, कोपीला नंबर द्या, आणि ऊसतोडीच्या कुटुंबांचा आकडा वेगळा छापा. कुठल्या फडात कुठली टोळी, हे कारखान्याच्या शेतकी ऑफिसला रोज ठाऊक असतं. नाहीतर टोळी आणणाऱ्या मुकादमाला विचारा. मजुरांना उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिलेली असल्यामुळं त्याची यादी कधी चुकत नाही.

त्या पोरीला मी तीन आठवडे आहार दिला. मग फड संपला, टोळी कऱ्हाडकडं गेली म्हणतात. तिचं नाव माझ्या रजिस्टरच्या मागच्या पानावर आहे, कारण पुढच्या पानांत तिच्यासाठी रकाना नव्हता. यंदाही दिवाळीनंतर कोप्या पडतील. ओढा अंगणवाडीपासून दहा मिनिटांवर आहे. तुकडी पाठवलीत तर वाट दाखवायला मी येईन, फक्त संध्याकाळी सातच्या पुढं या. त्याआधी कोपीत लेकरांशिवाय कुणी नसतं.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. वाळवा, जि. सांगली