बाबांच्या रात्रपाळीच्या सिस्टरांना

प्रिय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

बाबांना जाऊन सव्वा महिना झाला. निघताना तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात आणि मी नुसती मान हलवली. तेव्हा बोलायचं राहिलं, ते आज लिहिते आहे.

बाबांना हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेतात तिथे, हलवायचं ठरलं, त्या रात्री घरात कुणी कुणाशी बोललं नाही. केमोचा आता उपयोग नाही, उलट त्रासच वाढेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते पटतही होतं. तरी फॉर्मवर सही करताना आपण बाबांवरचा हात काढून घेतोय असं वाटत होतं. दादा म्हणालाच, "म्हणजे आता आपण काहीच करायचं नाही?"

अॅम्ब्युलन्समधून बाबांना आत आणलं. तुम्ही फाइल घेतलीत, पण लगेच उघडली नाहीत. खाटेशेजारी स्टूल ओढून त्यांनाच विचारलंत, "काका, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?" कित्येक महिन्यांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सगळे आम्हाला विचारायचे आणि आम्ही सांगायचो, दम लागतो. बाबा म्हणाले, "पाठ. झोपूच देत नाही."

मॉर्फिनचं नाव निघताच दादा घाबरला. सवय लागेल, श्वास बंद पडेल, अशी त्याला भीती. तुम्ही त्याला बाहेर बाकावर बसवून सगळं समजावलंत. थोड्या मात्रेपासून सुरुवात करतात, दुखणं बघत वाढवतात. दुखायला लागण्याची वाट न बघता दर चार तासांनी द्यायचं. बद्धकोष्ठता हमखास होते, म्हणून त्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत. त्याच मॉर्फिनने दमही हलका होतो, हे आम्हाला नवीनच होतं. चौथ्या रात्री बाबा सलग झोपले. दादा पहाटेपर्यंत त्यांच्याकडे बघत बसला होता.

पण सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते आईसाठी. आई दिवसभर वाटी-चमचा घेऊन बसायची. "दोन घास तरी घ्या हो." बाबा तोंड फिरवायचे, तिच्यासाठी म्हणून एखादा घ्यायचे आणि ठसका लागून कासावीस व्हायचे. त्यावरून मी आईवर ओरडलेही होते. त्याचं आजही वाईट वाटतं. सलाइन तरी लावा, असं ती तुमच्या मागे लागली. तुम्ही म्हणालात, "काकू, ते उपाशी नाहीत. त्यांची भूकच गेली आहे. अन्न आता त्यांच्या शरीराला पेलत नाही." सलाइनचं पाणी या टप्प्यावर अंगात साचतं, सूज येते, छातीत घरघर वाढते, हेही सांगितलंत. एवढ्यावर थांबला असतात तर आईचे हात रिकामे राहिले असते. तुम्ही तिला ओल्या स्पंजने बाबांचं तोंड कसं पुसायचं, ओठांना मलम कसं लावायचं ते शिकवलंत. मग ती दर तासाला, घड्याळ बघून, ते करायची. पहिल्यांदा केलं तेव्हा बाबांनी स्पंज ओठांत धरून ठेवला आणि तिच्याकडे बघितलं. वाटी-चमचा त्यानंतर पिशवीतून निघाला नाही.

श्वास मध्येच थांबेल, पुन्हा सुरू होईल. गुडघ्यांवर निळसर डाग दिसतील. घशातला आवाज ऐकून घाबरू नका, तो आपल्याला जितका भयंकर वाटतो तितका त्यांना त्रास होत नसतो. हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून शेवटच्या रात्री आम्ही धावाधाव केली नाही. तुमच्यासोबत बाबांना हळूच कुशीवर केलं, एवढंच.

आणि एक. बाबा बोलेनासे झाले, तेव्हा त्यांचं श्रवणयंत्र मी डबीत घालून ठेवलं होतं. आता कशाला, असं वाटलं. त्या रात्री तुम्ही डबी मागितलीत, बॅटरी तपासलीत आणि यंत्र त्यांच्या कानात बसवलंत. "ऐकू येत असेल. बोला त्यांच्याशी." पुढे मी वाचलं, की कॅनडातल्या एका हॉस्पिसमधल्या रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचे मेंदूही शेवटच्या तासांत आवाजाची दखल घेताना दिसले. बाबांनी किती ऐकलं, कुणास ठाऊक. पण दादाने कधी न मागितलेली माफी मागितली, आई त्यांच्या कानाशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होती, आणि मला जे म्हणायचं होतं ते मी म्हटलं.

ती डबी आता आईच्या उशाशी असते. तुमची आठवण ती रोज काढते.

तुमची,
बाबांची लेक