एडिंबरातल्या घराविषयी आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
मृणालचा साष्टांग नमस्कार.

घर ठरले. न्यू टाउनमधल्या ग्रेट किंग स्ट्रीटवर, एका दगडी घराच्या दुसऱ्या मजल्यावर, बैठकीची खोली, झोपण्याची एक खोली, लहान स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असा हा फ्लॅट आहे. इतके जुने घर राहण्याजोगे आहे का आणि करार किती महिन्यांचा, असे बाबांनी फोनवर विचारले होते. तेव्हा घाईत सांगण्यापेक्षा सविस्तर लिहावे असे मला वाटले.

नाव न्यू टाउन असले तरी हा भाग जुनाच, वास्तुविशारद रॉबर्ट रीड आणि विल्यम सिबाल्ड यांच्या १८०२ च्या आराखड्याप्रमाणे वसलेला आहे. त्या काळी असे एकेक घर एकाच सधन कुटुंबाचे असे: तळघरात स्वयंपाकघर, रस्त्यालगत जेवणघर, पहिल्या मजल्यावर उंच छताचा दिवाणखाना आणि त्याच्या वर निजायच्या खोल्या. पुढे अनेक घरांचे मजले वेगळे करून फ्लॅट पाडले गेले. माझ्या वाट्याला निजायच्या खोल्यांचा मजला आला आहे. न्हाणीघर मागाहून बसवल्यामुळे त्याला खिडकी नाही. दगडी जिन्यावर छतातल्या काचेच्या घुमटातून भरपूर उजेड येतो. लिफ्ट मात्र नाही, आणि आईच्या गुडघ्यांचा विचार करता हीच एक गोष्ट मला मनापासून खटकते.

खिडक्या वरखाली सरकणाऱ्या, लाकडी, एकेरी काचेच्या आहेत. इमारत संरक्षित असल्याने परवानगीशिवाय त्या बदलता येत नाहीत, पण मालकाने आतल्या बाजूने दुसरी काच बसवली आहे आणि भिंतीत दुमडून जाणाऱ्या जुन्या लाकडी झडपा रात्री लावून घेता येतात. वारा सुटलेल्या संध्याकाळी मी मुद्दाम घर पाहायला गेले, खिडक्यांच्या फटींशी हात धरून पाहिला, भिंतींच्या कोपऱ्यांत ओल शोधली, आणि मगच होकार दिला.

आता कराराविषयी. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या करारासारखी मुदतच येथे नसते. १ डिसेंबर २०१७ पासून स्कॉटलंडमध्ये खासगी घरांसाठी जी भाडेपद्धत लागू आहे, तिच्यात मला घर सोडायचे असेल तर २८ दिवस आधी कळवले की पुरते; मालकाला मात्र कायद्यात दिलेल्या अठरा कारणांपैकी एखादे दाखवावे लागते, आणि मी स्वतःहून निघाले नाही तर न्यायाधिकरणाचा आदेश आणावा लागतो. भाडे वर्षातून एकदाच वाढवता येते आणि तेही तीन महिने आधी लेखी कळवून. सदाशिव पेठेतल्या वाड्यात दर वर्षी मालकांचा निरोप येईपर्यंत तुम्ही दोघे किती अस्वस्थ असायचात, ते मी लहानपणी पाहिले आहे. हे घर निवडताना माझ्या मनात सर्वांत आधी तेच होते.

भाडे महिना बाराशे पौंड आहे. अनामत एका महिन्याच्या भाड्याएवढी आहे, कायद्याने ती दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ही रक्कम मालकाकडे राहत नाही, त्याने ती तीस कामकाजाच्या दिवसांत अनामत सांभाळणाऱ्या मान्यताप्राप्त योजनेत जमा करायची असते. भाडे आणि अनामत यांखेरीज भाडेकरूकडून काहीही घेणे बेकायदा असल्याने दलालीचा प्रश्नच आला नाही. मालकाची नोंदणी मी घरमालकांच्या अधिकृत नोंदवहीत तपासून घेतली आहे. कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथला घरांवरचा स्थानिक कर, आणि पाणीपट्टी वेगळी भरायची आहे.

आई, फोडणीच्या धुराने आगीचा अलार्म वाजेल हे तुझे म्हणणे लक्षात आहे. नियमाप्रमाणे घरातले सगळे अलार्म एकमेकांना जोडलेले असतात, एक वाजला की सगळे वाजतात. परंतु स्वयंपाकघरातला अलार्म धुरावर नव्हे, उष्णतेवर चालतो. धूर बाकीच्या अलार्मपर्यंत जाऊ नये म्हणून दार लावून फोडणी केली की काम भागते.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला चाव्या मिळतील. जूनमध्ये तुम्ही यावे असे मला फार वाटते, तेव्हा रात्री दहापर्यंत उजेड असतो. दोन मजले चढणे आईला जमेल का, हे डॉक्टरांना विचारून कळवा. जमणार नसेल तर तेवढ्या दिवसांसाठी जवळच तळमजल्यावरची जागा पाहून ठेवीन.

तुमची,
मृणाल