हाडांचा विचार प्रिस्क्रिप्शन लिहितानाच व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दमा, संधिवात अशा आजारांत प्रेडनिसोलोन हे हाडं झिजवणारं स्टेरॉइड महिनोन्‌महिने चालू राहतं आणि हाडांची आठवण होते ती मणका दबल्यावर. खरं तर हाडांची सर्वांत जास्त झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच होते. आता औषधं संगणकावर लिहिली जातात. डोस, दिवस, वय सगळं पडद्यावर असतं. मग ही माहिती हाडांसाठी का वापरू नये?

रोज २.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन तीन महिने वा अधिक चालणार असेल, तर हाडं मोडण्याचा धोका तपासायला हवा. पण बहुतेक गफलत होते ती मोजणीत. प्रत्येक प्रिस्क्रिप्शन तीस दिवसांचं. सॉफ्टवेअर फक्त समोरचं बघतं, त्यामुळे तीन महिने कधी भरतच नाहीत. म्हणून मागच्या वर्षभराच्या गोळ्यांची बेरीज हवी, आणि मिथाइलप्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडचे ४ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५, हे रूपांतरही हवं. डोस कमी करत नेण्याच्या सूचना मोकळ्या रकान्यात हाताने टाइप केल्या, तर यंत्राला त्या वाचता येत नाहीत. त्यासाठी टप्प्यांचे वेगळे रकाने द्यावेत.

नुसती ‘हाडांची काळजी घ्या’ अशी इशाऱ्याची चौकट पडद्यावर येऊन उपयोग नाही. दिवसभरात अशा चौकटी इतक्या येतात की वाचण्याआधीच ‘ओके’ दाबलं जातं. त्या चौकटीतच डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी, रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारं) यांची मागणी तयार असावी, एका क्लिकवर जाणारी. तपासणी आधीच झाली असेल, तर चौकट येऊच नये.

अ‍ॅलेन्ड्रोनेट या हाडं बळकट करणाऱ्या औषधाची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. यादीत आपोआप ‘रोज’ आलं, तर घात होतो. तिथे वार निवडल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असेल, तर तिथेच अडवावं. उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि कॅल्शियमची गोळी त्या वेळी घ्यायची नाही, हे रुग्णाच्या भाषेत छापून मिळावं. कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीपासूनही चार तास लांब हवं.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती डेनोसुमॅब या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाची. ६० मिलिग्रॅमचं हे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी द्यावं लागतं. ते लांबलं, तर वाचवलेलं हाड झपाट्याने जातं आणि एकापाठोपाठ मणके मोडू शकतात. सॉफ्टवेअर इशारा देतं तो लिहिलेल्या औषधाबद्दल. इथे धोका न लिहिलेल्या औषधाचा आहे. म्हणून इंजेक्शन दिलं त्याच क्षणी पुढची तारीख पडावी, आणि तिच्या महिनाभर आधी त्या रुग्णांची यादी परिचारिकेच्या पडद्यावर यावी, म्हणजे फोन करायला वेळ मिळेल.

आपले,
काही वाचक