शाळेच्या फाटकाबाहेरचा खाऊ आणि मुलांचे दात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते तेव्हा पहिली-दुसरीच्या वर्गांत सर्वांत जास्त शेरे दातांचे पडतात. मी सातपूर भागातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. पालकांना बोलावून सांगितले की उत्तर ठरलेले असते : "बाई, दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत." याच समजुतीपायी मुलांचे फार नुकसान होते आहे, म्हणून हे पत्र.

साधारण सहाव्या वर्षी, सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे, खाली-वर दोन्ही बाजूंना एकेक दाढ येते. ती यायच्या आधी तिथला कुठलाही दात हलत नाही की पडत नाही. त्यामुळे मुलाला कायमची दाढ आली हे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. ती दुधाचीच समजली जाते आणि जन्मभर पुरायची असलेली ही दाढ तिसरीत जाईपर्यंत पोखरून निघते. शिवाय दुधाची दाढ आपल्या खालच्या दातासाठी जागा राखून असते. ती किडून लवकर काढावी लागली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पुढे वेडेवाकडे दात सरळ करायला तारा लावण्याची वेळ येते. तो खर्च आमच्या शाळेतल्या बहुतेक घरांना झेपणारा नाही.

आता खाण्याविषयी. छोट्या सुट्टीत मी वर्गातच बसते, त्यामुळे डबे रोज डोळ्यांसमोर असतात. क्रीमचे बिस्कीट उघडायचे, आधी क्रीम चाटायचे, मग बिस्कीट चावायचे, हा मुलांचा क्रम. त्याचा ओला लगदा दाढांच्या खाचांत जाऊन बसतो आणि खिचडीच्या सुट्टीपर्यंत तसाच राहतो. मध्येच पाणी पिणारी मुले थोडी, चूळ भरणारे जवळजवळ कुणीच नाही. बरेच पालक अभिमानाने सांगतात, "आम्ही गोड देतच नाही, वेफर्स देतो." वेफर्स, कुरकुरे, खारी, टोस्ट हे सगळे दाताला चिकटणारे पीठच आहे. लाळेतल्या पाचक रसाने त्या पिठाची तोंडातच साखर होते. चव खारट म्हणून दात सुटत नाहीत.

तोंडात स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे जिवाणू कायम असतात. साखर मिळाली की काही मिनिटांत ते आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच (आम्लता मोजायचे माप, तो जितका कमी तितके आम्ल जास्त) 5.5 च्या आसपास किंवा त्याखाली गेला की दाताच्या वरच्या कठीण थरातले कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटू लागते. लाळ हे आम्ल हळूहळू निवळते आणि गेलेली खनिजे दातावर परत बसवते. पण त्यासाठी तिला अर्धा ते एक तास हवा असतो, आणि तेवढ्या वेळात तोंडात नवीन काही पडायला नको. सकाळी दूध-बिस्कीट, रिक्षात चॉकलेट, छोट्या सुट्टीत पुडा, घरी येताना फाटकावरची पेप्सीकोला, संध्याकाळी टीव्हीपुढे फरसाण असा दिवस असेल तर लाळेला उसंत कधी मिळणार?

म्हणून किती गोड खाल्ले याइतकेच ते दिवसातून किती वेळा आणि किती वेळ चघळत खाल्ले हे पाहावे लागते. यावरचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथल्या संस्थेतला आहे. 1940 च्या दशकात तिथे बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांवर, त्यांची संमती न घेता, हा प्रयोग झाला. माणसांशी असे वागणे निखालस चूक होते, हे म्हटल्याशिवाय त्याचा उल्लेख करू नये असे मला वाटते. 1954 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : जेवणासोबत साखर घेणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत, पण जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांचे भराभर किडले. आपल्या घरात याचा अर्थ सरळ आहे. सणाला ताटात वाढलेली पुरणपोळी किंवा रविवारी मिसळीवर घेतलेली जिलबी दातांना तितकी जाचत नाही. दुपारभर गालात ठेवून चोखलेली गोळी मात्र जाचते. एकूण साखरेवरही मर्यादा हवीच. अन्नात वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत असावेत, आणि 5 टक्क्यांच्या आत राहिले तर आणखी चांगले, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितले आहे. मोठ्या माणसासाठी ही 5 टक्क्यांची मर्यादा म्हणजे साधारण 25 ग्रॅम, सुमारे सहा चमचे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या आणि टपरीवर दिवसभर गोड चहा घेणाऱ्या पालकांनी आपलाही हिशेब करून पाहावा.

द्राक्षे आपल्या जिल्ह्याचे पीक आहे आणि ताज्या द्राक्षांना कुणी नावे ठेवू नयेत. एका बैठकीत खावीत, वर पाणी प्यावे. बेदाणे मात्र पौष्टिक म्हणून मुलाच्या खिशात भरून दिले जातात. ते दाढेत चिकटून बसतात. त्यांची जागा खिशात नाही, जेवणाच्या ताटात आहे. लिंबू सरबत किंवा कोल्ड्रिंक घोट घोट करत तासभर पीत बसू नये, आणि प्यायल्यावर लगेच ब्रशही करू नये, कारण आम्लाने मऊ झालेला थर ब्रशने आणखी झिजतो.

याहून मोठे दुखणे रात्रीच्या बाटलीचे. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळ झोपवतात. झोपेत लाळ अगदी कमी सुटते, दूध दातांवर साचून राहते आणि वरचे पुढचे दात काळे पडून त्यांच्या नुसत्या कण्या उरतात. अशी मुले पहिलीत आली की हसताना तोंडावर हात धरतात. ठणका असेल तर भाकरी चावत नाहीत, पाण्यात बिस्कीट बुडवून खातात, आणि कीड आणखी वाढते. रात्री शेवटचे दूध बिनसाखरेचे असावे, मग दात घासावेत, त्यानंतर फक्त पाणी. टूथपेस्ट फ्लोराइडची हवी : तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मुलाचे दात मोठ्या माणसाने स्वतः घासून द्यावेत. आणि घरातल्या आजीच्या मशेरीचे बोट नातवंडाच्या हिरडीला कधीही लावू नये, ती तंबाखूच आहे.

सगळा भार पालकांवर टाकून मात्र चालणार नाही. जादा साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत मुलांना विकू नयेत, असा नियम अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2020 मध्ये केला आहे. शहरातल्या कुठल्याही शाळेसमोर मधल्या सुट्टीत उभे राहून पाहावे, पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा फाटकाला लागूनच टांगलेल्या दिसतील. गाड्यावाल्यांचे पोट त्यावर आहे, त्यांना हुसकावून लावा असे माझे म्हणणे नाही. त्याच गाड्यावर उकडलेल्या शेंगा, फुटाणे, काकडी, पेरू विकले जावेत. मुले घेतात. आमच्या फाटकावर हंगामात ओल्या हरभऱ्याच्या जुड्या येतात तेव्हा त्या सर्वांत आधी संपतात. महापालिकेचा शिक्षण विभाग आणि अन्न व औषध प्रशासन यांनी शाळा आणि विक्रेते यांना एकत्र बसवून हे ठरवून द्यावे.

आणखी एक मागणी. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे, दंत महाविद्यालय पंचवटीत आहे. दाढांच्या खाचा बुजवणारा लेप दंतवैद्य लावतात. त्याला इंजेक्शन लागत नाही, दाढ कोरावी लागत नाही, आणि दाढ नुकतीच वर आली असताना तो लावला तर त्या खाचांत अन्न अडकत नाही. सहाव्या वर्षीच्या दाढेसाठी महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरीच्या मुलांना हा लेप लावण्याचा कार्यक्रम या संस्थांच्या मदतीने दरवर्षी घ्यावा, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करते. त्या दिवशी पालकांनाही शाळेत बोलवावे, आणि नवी दाढ कुठे येते ते त्यांच्याच मुलाच्या तोंडात त्यांना दाखवावे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, सातपूर, नाशिक