शेंडा खुडला, आप्पा

नाल्डवाइक, नेदरलँड्स
रविवार, १५ सप्टेंबर २०२४

ती. आप्पा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गौरी गेल्या, परवा गणपतीही जातील. आरती व्हिडिओवर पाहिली, पण दादानं फोन सगळा वेळ वहिनीच्या मोदकांवरच धरला होता. मूर्ती दिसली ती फक्त उंदरापर्यंत.

आप्पा, तुम्ही एकच प्रश्न तीनदा विचारलात आणि तिन्ही वेळा रेंज गेली. "ते माडासारखं वाढणारं टोमॅटोचं बी पाठवता येईल का?" आज सुट्टी आहे, म्हणून बसून सविस्तर लिहिते. आईला वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

आपल्या प्लॉटमधलं झाड बांबूवरच्या शेवटच्या तारेला टेकलं की आपण म्हणतो, झालं. इथलं झाड थांबतच नाही. डिसेंबरात लावलेलं झाड आज मोजलं तर बारा मीटरच्या आसपास भरेल, म्हणजे चाळीस फूट. पण ग्रीनहाऊसमधली वरची तार आहे जेमतेम चार मीटरवर. मग बाकीचं झाड जातं कुठं?

ते निजतं. प्रत्येक झाडाला एक सुतळी, आणि ती सुतळी वर तारेला लटकणाऱ्या आकड्यावर गुंडाळलेली. दर आठवड्याला आम्ही रुळावरच्या उंच गाडीवर उभं राहून आकडा उचलतो, सुतळीचा वेढा सोडतो आणि आकडा तारेवर वीतभर पुढं सरकवतो. झाड वीतभर खाली येतं. शेंडा तेवढाच वाढलेला असतो, त्यामुळे तो कायम माझ्या छातीसमोर. फळं तोडून झालेला, पानं काढलेला दांडा खाली आडवा होत जातो, विहिरीवरच्या जुन्या पाइपासारखा तपकिरी आणि कडक. ओळीच्या टोकाला गेला की वळून पलीकडच्या अंगानं परत येतो. सगळी ओळ वर्षभर स्वतःभोवती प्रदक्षिणा घालत असते म्हणा ना. आणि ज्या रुळावर आमची गाडी चालते ते रूळ म्हणजे गरम पाण्याचे नळच. थंडीत त्यांच्यावरच झाडं शेकतात.

दर आठवड्याला एक घोस आणि तीन पानं, ही त्याची चाल. घोसात पाच-सहा फळं ठेवून बाकीची बारीक असतानाच खुडायची, खालची तीन पानं मोडायची, पानाच्या बगलेतून फुटणारा कोंब, म्हणजे आपली बगलफूट, काढायची. डच लोक बगलफुटीला 'दीफ' म्हणतात, म्हणजे चोर. चोर काढण्याच्या कामाला क्रियापदही त्यावरूनच. आई, तुला हे आवडेल. तू बगलफूट काढताना ज्या शिव्या देतेस, त्या इथं थेट शब्दकोशात आहेत.

फेब्रुवारीतली एक गोष्ट फोनवर सांगितली नव्हती. शेंडा सुतळीभोवती एकाच दिशेनं फिरवायचा असतो. सकाळी झाड पाण्यानं तट्ट असतं, जरा उलटं वळलं की काकडीसारखं कट्ट करून तुटतं. माझ्याकडून एका सकाळी अकरा शेंडे तुटले. अकरा झाडं, म्हणजे हंगामाची अजून नऊ महिन्यांची वाढ माझ्या हातात. मुकादम बाई पोलंडच्या आहेत, पन्नाशीच्या. मला वाटलं आता घरी पाठवतात. त्या आल्या, तुटलेला शेंडा हातातून घेतला, खाली वाकून तुटलेल्या जागेखालची एक बारीक बगलफूट दाखवली आणि म्हणाल्या, "आता ह्या चोराला राजा कर." तो चोर वाढवला, सुतळीला बांधला. दोन आठवडे मागं राहिला खरा, पण मे महिन्यात कुठली अकरा झाडं ते मलाही ओळखता येईना. तसं, उन्हं वाढली की इथं मुद्दामही काही झाडांवर एकेक चोर ठेवतात, जास्तीचा प्रकाश वाया जाऊ नये म्हणून.

माती मात्र कुठंच नाही. मुळं वाढतात दगडी लोकरीच्या लाद्यांवर. आणि आप्पा, तो दगड कुठला, माहितीये? बेसॉल्ट. आपल्या शिवनेरीचा काळा कातळ तोच. तो वितळवून जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखे धागे काढतात, त्याची गादी करतात, त्यात ठिबकची नळी खोचतात. ज्या दगडावर आपली कुदळ मोडते, त्याची इथं गादी होते. हे पहिल्या दिवशी कळलं तेव्हा मी एकटीच हसत होते.

परागाचं काम भुंग्यांकडे. आपल्या उघड्या रानात वारा फुलं हलवतो, शिवाय त्या निळ्या पट्ट्यांच्या माश्या असतातच. काचेच्या आत वारा नाही. पूर्वी माणसं थरथरणारी काठी घेऊन ओळीओळीनं फुलं हलवत फिरायची. १९८०च्या दशकात बेल्जियम आणि हॉलंडमध्ये भुंगे पाळून विकायला सुरुवात झाली आणि त्या काठ्या अडगळीत गेल्या. आता पुठ्ठ्याच्या खोक्यात भुंग्यांची वसाहत येते. भुंगा फुलाला उलटा लटकतो, जबड्यानं धरतो आणि अंग असं थरथरवतो की पराग झडून पोटावर पडतो. जाताना पिवळ्या सुळक्यावर तपकिरी चावा ठेवून जातो. आम्ही सकाळी ते चावेच बघतो. चावा दिसला की फळ धरणार.

आता आकडा ऐका, पण बसून ऐका. घोसाचा टोमॅटो चौरस मीटरला साठेक किलो निघतो. म्हणजे गुंठ्याला सहा टन, एकराला दोनशे चाळीस. आपल्याकडे एकरी तीस टन निघाले तर तुम्ही पेढे वाटता. मला माहितीये, आता तुम्ही चष्मा काढून दादाला म्हणाल, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

थांबा. त्या साठ किलोंत बियाण्याचा वाटा आहे, पण बाकीचं काय काय आहे तेही बघा. नळातलं गरम पाणी, त्यासाठी जळणारा गॅस. झाडांना खायला कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या दुपटीपर्यंत सोडतात. इथल्या कितीतरी ग्रीनहाऊसना तो २००५ पासून रॉटरडॅम बंदराजवळच्या रिफायनरीतून पाइपलाइननं येतो. आणि जवळजवळ अकरा महिने चालणारं एकच पीक. २०२२च्या हिवाळ्यात गॅस भडकला तेव्हा इथल्या कित्येकांनी लागवडच केली नाही, काचा रिकाम्या ठेवल्या. आपल्याकडे गावी २०२३च्या जुलैत टोमॅटोच्या कॅरेटला दोन हजारांवर भाव गेला होता हे मी इथं सांगितलं, तर सगळे डोळे विस्फारून ऐकत होते. पुढं भाव कुठं आला तेही सांगितलं. मग कुणी काही बोललं नाही.

बी पाठवण्याचं म्हणाल तर ते जमणार नाही. एक तर पाकिटात घालून पोस्टानं पाठवणं कायद्यात बसत नाही. आयात परवाना लागतो, रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला लागतो. आणि तो नियम मला उगीच वाटत नाही. इथं २०१९ पासून टोमॅटोवर एक विषाणू आहे, फळावर तपकिरी सुरकुत्या पाडतो. हातानं, कपड्यानं, कात्रीनं पसरतो आणि बियाण्यातूनही जातो. तुम्हाला २०२०चा टोमॅटोवरचा 'तिरंगा' रोग आठवतो ना, टीव्हीवाल्यांनी केलेला गोंधळ? हा त्याहून चिवट. त्यामुळे आम्ही आत जाताना कपडे बदलतो, बूट औषधात बुडवतो, हातमोजे बदलतो. आणि डब्यात टोमॅटो न्यायला बंदी! बाहेरचा टोमॅटो आत नको म्हणून. दिवसभर टोमॅटोत उभी असते आणि डब्यातल्या आमटीला आमसूल घालते. आई, आमसुलं संपत आलीत.

दुसरं, हे हायब्रीड आहे. देऊळगाव राजाला मावशीच्या शेडनेटमध्ये आपण पाहिलंय ना, बायका चिमट्यानं कळी सोलून, पुंकेसर काढून, दुसऱ्या वाणाचा पराग लावतात ते? परदेशी कंपन्यांचं बीसुद्धा तिकडं होतं. त्या एकेका कळीची मेहनत म्हणून इथं बी ग्रॅमवर नाही, नगावर विकतात. त्याच्या फळातलं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर कुठलं झाड आजोबावर जाईल, कुठलं आजीवर, सांगता येणार नाही.

आणि ते तुमच्या मनातलं एकराचं पॉलीहाऊस. बँकेचे साहेब चहाला येतात हे दादानं सांगितलं. आप्पा, कर्ज काढू नका. इथली सगळी यंत्रणा थंडीशी भांडायला उभी केलीये, आपलं भांडण उन्हाशी आहे. एप्रिल-मेमध्ये पारा पस्तिशीच्या वर गेला की पराग निकामी होतो, फुलं गळतात, आणि बंद छपराखाली ते आणखी लवकर होणार. हौसच असेल तर विहिरीकडच्या पाच गुंठ्यांवर शेडनेट करा. अमर्याद वाढीची वाणं आपल्याच बाजारात मिळतात. एक खोड ठेवा, सुतळीवर चढवा, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावा. फुलं दुपारच्या आत हलवायची, नेटमध्येही वारा कमीच असतो. आकडे मी डिसेंबरात बॅगेत आणते, लोखंडाचे आहेत, त्यांना परवाना लागत नाही. झाड खाली उतरवायचं कसं ते मी दाखवीन. पण मजुरीचा हिशेब आधी मांडा, दर आठवड्याला न चुकता हात लागतो. एक आठवडा चुकला की शेंडा तारेवरून पलीकडं लोंबतो, मग तो सरळ करताना माझ्यासारखे अकरा तुटतात.

परवा शुक्रवारी आमच्याकडे शेंडे खुडले. आता नवा घोस धरला तर तो नोव्हेंबरात पीक उपटायच्या आत पिकणार नाही, म्हणून झाडाला थांबवायचं. मी माझ्या ओळींतले शेंडे स्वतःच्याच हातानं खुडले, त्या अकरांचेही. संध्याकाळपर्यंत हात नेहमीसारखेच हिरवे-काळे झाले होते. तो डाग साबणानं जात नाही, तुम्हाला माहितीच आहे. इथल्या बायका हिरवा टोमॅटो चोळतात. आईची युक्तीही तीच, पण मी ती त्यांना सांगायच्या आधीच त्यांनी मला सांगितली.

दिवाळीला येता येणार नाही, उपटणी नोव्हेंबरातच आहे. डिसेंबराच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट बघतेय.

यंदाच्या प्लॉटचे किती तोडे झाले आणि करपा कुठवर आला, ते दादाला लिहून पाठवायला सांगा. फोनवर नको, परत रेंज जाईल.

तुमची,
ताई

ता. क. आई, आमसुलं वर्तमानपत्रात गुंडाळू नकोस, शाई लागते.