सिनेमाच्या डिस्क ग्रंथालयांतून घरी मिळाव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीतील एका तरुण दांपत्याने मोठ्या हौसेने दिवाणखान्यात ६५ इंची टीव्ही, पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा संच बसवला. पंधरा दिवसांतच दोघे माझ्याकडे आले. "काका, टीव्ही सदोष लागलाय बहुतेक. रात्रीच्या दृश्यात भिंतीवर पायऱ्या पायऱ्या दिसतात आणि धूर आला की चौकोन पडतात," असे त्यांचे म्हणणे होते. दुकानाचा माणूस दोनदा येऊन सेटिंग बदलून गेला होता, तरी फरक पडला नव्हता. मी माझा ब्लू-रे (डीव्हीडीच्या पुढच्या पिढीची, पुष्कळ जास्त माहिती मावणारी डिस्क) प्लेअर आणि त्यांनी इंटरनेटवरून पाहिलेल्या त्याच चित्रपटाची डिस्क घेऊन त्यांच्याकडे गेलो. दृश्य होते एका अंधाऱ्या खोलीचे. मेजावर कंदील आणि मागे चुना लावलेली भिंत, जिच्यावरचा उजेड हळूहळू विरत काळोखात मिसळत जातो. इंटरनेटवरून येणाऱ्या चित्रात त्या भिंतीवर करड्या रंगाचे चार-पाच पट्टे स्पष्ट वेगळे दिसत होते. डिस्कवर पट्टे नव्हते. उजेड कुठे संपला हे बोट ठेवून सांगता आले नसते, आणि चुन्यावरून फिरलेल्या कुंचल्याच्या रेघासुद्धा दिसत होत्या. टीव्ही उत्तम होता. त्याच्यापर्यंत पोहोचणारा माल कमी होता.

हा अनुभव सविस्तर सांगण्याचे कारण असे, की हजारो घरांत आज असे संच बसत आहेत आणि त्यावर काय लावायचे याचा विचार मात्र 'इंटरनेटचा वेग वाढवून घ्या' एवढ्यावरच थांबतो. घरातील जोडणी १०० किंवा ३०० मेगाबिटची असली, तरी चित्रपट पाठवणारी कंपनी तो किती दाबून, म्हणजे त्यातील माहिती किती कमी करून, पाठवते हे तिच्या हाती असते. नेटफ्लिक्स फोर-के, म्हणजे हाय-डेफिनिशनच्या चौपट बिंदूंच्या, चित्रासाठी सेकंदाला १५ मेगाबिटची जोडणी पुरेशी असल्याचे सांगते. त्या पूर्ण वेगाने दोन तासांचा चित्रपट आला असे धरले, तरी हिशेब साडेतेरा जीबीच्या पुढे जात नाही. साध्या ब्लू-रे डिस्कवर ५० जीबीपर्यंत जागा असते आणि एकट्या चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मुभा असते; २०१६ साली आलेल्या फोर-के ब्लू-रेच्या मोठ्या डिस्कवर १०० जीबी मावतात आणि तिचा वेग १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. चित्र दाबताना पहिली कात्री लागते ती काळोखातल्या बारीक छटांना, पावसाच्या धारांना, धुराला आणि फिल्मच्या मूळ कणीदार पोताला, कारण छोट्या पडद्यावर तेवढे कोणाच्या लक्षात येत नाही. दिवे मालवलेल्या खोलीत ६५ इंचांवर ते लगेच लक्षात येते.

आवाजाचा फरक तर मला चित्राहून मोठा वाटतो. ब्लू-रे डिस्कवर बहुधा ध्वनिमुद्रण काहीही न गाळता दिलेले असते, म्हणजे स्टुडिओत शेवटचा हात फिरवून जो आवाज पक्का केला तोच घरी उलगडतो. नेटफ्लिक्सवर ॲटमॉस ध्वनीसुद्धा (आवाज चहूबाजूंनी आणि वरूनही आल्यासारखा वाटावा अशी डॉल्बीची पद्धत) सेकंदाला फार तर ७६८ किलोबिटमध्ये बसवलेला असतो. त्या संध्याकाळी शेजारच्या सूनबाईंनी एका वाक्यात फरक सांगितला: "बाहेर पाऊस पडतोय तो आता खिडकीतून येतोय, आधी टीव्हीतून येत होता." ज्यांनी पाच स्पीकरसाठी पैसे मोजले आहेत, त्यांना ते कशासाठी मोजले हे असे एकदा तरी कळायला हवे.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डिस्क म्हटली की दर्जा आलाच, असे नाही. डीव्हीडीचे चित्र आपल्याकडच्या पद्धतीत ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते आणि व्हीसीडीचे ३५२ बाय २८८ बिंदूंचे. मोठ्या पडद्यावर चांगले हाय-डेफिनिशन प्रक्षेपण त्या दोघांपेक्षा निश्चितच सरस दिसते. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी द्यायला सुरुवात केली, तेव्हा सामान्य घरांत चित्रपटांचा संग्रह प्रथमच उभा राहिला. पण त्यातील पुष्कळ प्रती आज ६५ इंचांवर लावल्या तर निराशा होते. मराठी चित्रपटांची स्थिती त्याहून वाईट आहे. व्हीसीडी आणि डीव्हीडी निघाल्या, परंतु ब्लू-रेवर आलेले मराठी चित्रपट बोटांवर मोजता येतील एवढेच, त्यामुळे नवा मराठी चित्रपट घरी पाहायचा तर इंटरनेट किंवा टीव्ही वाहिनी यांशिवाय मार्ग नाही. शिवाय रोज रात्री जेवताना अर्धा तास काहीतरी लावायचे, तर डिस्क काढत बसण्याचे कारणच नाही. माझे म्हणणे निवडक चित्रपटांपुरते आहे, वर्षाकाठी पंधरा-वीस, जे आपण दिवे मालवून, फोन बाजूला ठेवून, एका बैठकीत पाहतो.

या पंधरा-वीस चित्रपटांसाठी डिस्क विकत घेणे हा मार्ग मी स्वतः बरीच वर्षे अवलंबला आहे आणि तो सर्वांना परवडणारा नाही हे अनुभवाने सांगतो. परदेशातून मागवलेली फोर-के डिस्क दोन-तीन हजार रुपयांच्या घरात जाते, आणि एकदा पाहून कपाटात ठेवण्यासाठी एवढे पैसे घालणे मध्यमवर्गीय माणसाच्या जिवावर येते. त्यातच प्रदेशाची अडचण आहे. ब्लू-रेसाठी जगाचे तीन भाग केलेले आहेत. भारत 'सी' भागात येतो आणि अमेरिका 'ए' भागात, म्हणून न्यू जर्सीहून भाच्याने प्रेमाने आणलेली डिस्क इथल्या प्लेअरवर कधी कधी चालतच नाही. फोर-के डिस्कला हे बंधन नाही, हे अशा भाच्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

इंटरनेटवर 'विकत' घेतलेल्या चित्रपटाची गोष्ट आणखी निराळी आहे. मी एका संकेतस्थळावर पैसे भरून घेतलेला चित्रपट दोन वर्षांनी माझ्या यादीतून नाहीसा झाला. विचारणा केली तेव्हा हक्क संपल्याचे उत्तर आले आणि पैसे परत मिळाले नाहीत. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदाच केला, की असा माल विकताना 'ही मालकी नव्हे, परवाना आहे' हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्याकडेही तसे व्हायला हवे. आणि घेतलेला दर्जा तरी कायम राहील, याचीही खात्री नसते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा जाळ्यावरील भार कमी करण्यासाठी भारतातील सर्व मोठ्या कंपन्यांनी मोबाइल जाळ्यावरील चित्र काही आठवडे ४८० रेषांपर्यंत खाली आणले होते. तो निर्णय त्या वेळी योग्यच होता, पण त्यातून एक गोष्ट उघड झाली: चित्राच्या दर्जाचा नळ दुसऱ्याच्या हाती आहे.

म्हणूनच मला भाड्याची डिस्क हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो, आणि नेमका तोच बंद झाला आहे. माझ्या पिढीला कॅसेट लायब्ररी आठवत असेल. अनामत भरायची, रजिस्टरमध्ये सही करायची, एका रात्रीच्या भाड्याने कॅसेट न्यायची आणि परत देताना रिवाइंड केली नसेल तर ऐकून घ्यायचे. पुढे व्हीसीडी-डीव्हीडीच्या काळात सेव्हंटीएमएम, बिगफ्लिक्स यांसारख्या कंपन्या घरपोच डिस्क देऊ लागल्या, आणि त्याही थांबल्या. अमेरिकेत नेटफ्लिक्सने १९९८ साली टपालाने डिस्क पाठवून आपला धंदा उभारला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये शेवटची डिस्क पाठवून ते खाते बंद केले. रस्तोरस्ती यंत्रांतून डिस्क भाड्याने देणाऱ्या रेडबॉक्सचेही २०२४ मध्ये दिवाळे निघाले. तरीही तिथला प्रेक्षक पूर्ण उघडा पडला नाही, कारण तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांतून पुस्तकांबरोबर डीव्हीडी आणि ब्लू-रे आजही घरी नेता येतात. आपल्याकडेही ही गोष्ट अनोळखी नाही. पुण्याच्या ब्रिटिश लायब्ररीचे सभासद पुस्तकांबरोबर डीव्हीडी नेत असत, हे अनेकांना आठवत असेल.

भाड्याचे दुकान पुन्हा निघणे आपल्याकडे अवघड आहे, आणि त्याचे कारण केवळ गिऱ्हाईक नाही एवढेच नाही. अमेरिकेत एकदा विकत घेतलेली चित्रपटाची डिस्क मालकाला न विचारता भाड्याने देता येते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाची प्रत व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क चित्रपटाच्या हक्कधारकाकडेच राखलेला आहे. दुकानदाराला प्रत्येक कंपनीची परवानगी काढणे पेलणारे नाही. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने याच कायद्यात 'व्यावसायिक भाडे' या शब्दांची व्याख्या घातली आणि नफा न कमावणाऱ्या ग्रंथालयाने किंवा शिक्षणसंस्थेने, कायदेशीरपणे मिळवलेली चित्रपटाची प्रत नफ्याचा हेतू न ठेवता वापरायला देणे त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले. म्हणजे जे दुकानाला करता येत नाही, ते आपल्या वाचनालयाला करता येते. ही तरतूद होऊन एक तप उलटले, तरी तिचा उपयोग करणारे सार्वजनिक ग्रंथालय माझ्या पाहण्यात नाही.

आणि ग्रंथालयांची तर महाराष्ट्राला वाण नाही. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे, आमच्या ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. १९६७ च्या कायद्याखाली शासनमान्य झालेली हजारो वाचनालये गावोगावी आहेत. सभासद, अनामत, नोंदवही, उशिराचा दंड ही सारी व्यवस्था तिथे तयार आहे. मी एका वाचनालयात ही कल्पना घेऊन गेलो होतो. तेथील कार्यवाहांनी आस्थेने ऐकून घेतले, पण खरेदीच्या यादीत अशा वस्तूसाठी रकानाच नाही, आणि डिस्क खराब होऊन आल्या तर जबाबदारी कोणाची, असे दोन प्रश्न केले. दोन्ही रास्त आहेत. पहिल्याचे उत्तर ग्रंथालय संचालनालयाने एका परिपत्रकाने द्यावे, अशी माझी या पत्राद्वारे विनंती आहे. तोवर देणगीतून आलेल्या डिस्कवर एक कपाट सहज उभे राहील, कारण ज्यांनी एके काळी हौसेने डिस्क जमवल्या, त्यांची मुले आता त्या रद्दीवाल्याला देत आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः देऊ शकतो. ब्लू-रेवरील नोंद पृष्ठभागाखाली अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असते, डीव्हीडीत ती ०.६ मिलिमीटर खोल असते. त्यामुळे ब्लू-रेवर मुळातच कठीण लेप दिलेला असतो आणि ती डीव्हीडीइतकी सहज ओरखडत नाही. परत आलेली डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की बोटांचे ठसे आणि ओरखडे लगेच वेगळे ओळखू येतात. ठसे असतील तर मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायचे, गोल गोल नाही. हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे. अनामत डिस्कच्या किमतीइतकी घेतली की सभासदही जपून वापरतो.

प्लेअर कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे आणि तो दिवसेंदिवस कठीण होणार आहे. ओप्पोने २०१८ मध्येच हे उत्पादन थांबवले आणि सॅमसंगनेही पुढच्या वर्षी अमेरिकेच्या बाजारासाठी नवे प्लेअर काढणे बंद केले. पण ज्या घरांत मुलांसाठी डिस्कच्या खाचेचा प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स हा व्हिडिओ गेमचा संच आहे, त्या घरांत फोर-के ब्लू-रे प्लेअर आधीच येऊन बसला आहे, हे पालकांना बहुधा ठाऊक नसते. आमच्या त्या शेजाऱ्यांकडेही तो होता. सहा महिने त्यावर फक्त फुटबॉल खेळले जात होते.

माझ्याकडे सुमारे १४० ब्लू-रे आणि फोर-के डिस्क आहेत, सगळ्या पावतीनिशी घेतलेल्या. ठाणे शहरातील किंवा परिसरातील जे सार्वजनिक वाचनालय त्या सभासदांना घरी द्यायला तयार असेल, त्याला मी त्या सर्व, माझ्या जुन्या प्लेअरसह, विनामोबदला देईन आणि पहिले सहा महिने दर रविवारी सकाळी बसून परत आलेल्या डिस्क तपासण्याचे कामही करीन. प्रत्येक डिस्कचा प्रदेश, भाषा आणि उपशीर्षके यांची यादी मी तयार करून ठेवली आहे. ती आपल्या कार्यालयाकडेही पाठवत आहे.

आपला नम्र,
एक वाचक, ठाणे